शेगडी का धुमसते

ऑक्टोबरात मी फळ्यावर एकच ओळ लिहिली:
आपली शेगडी का धुमसते?
आणि खडू खिशात टाकला.

'पुस्तक काढू, एजे?' आयझिरेकने विचारलं.
(एजे म्हणजे थोरली बहीण. आमच्याकडे बाईंना हेच म्हणतात.)
नको, म्हटलं. कोट काढू नका म्हणजे झालं.

नारिनच्या वर, डांबरी रस्ता हात टेकतो
त्याच्याही पुढे सात किलोमीटर,
एक खोली, अकरा मुलं
आणि रोज सकाळी सगळ्यांना रडवणारी लोखंडी शेगडी.

उत्तर मला ठाऊक होतं.
धुराड्यात डोमकावळ्याचं घरटं, दुसरं काय?
पण बिश्केकच्या प्रशिक्षणात बजावलं होतं:
सांगू नका, विचारा.
म्हणून तीन आठवडे ते उत्तर
गरम घासासारखं तोंडात धरून बसले.
गिळताही येईना, टाकताही येईना.

बेकतुरचा संशय कोळशावर. ओला येतो म्हणाला.
बादलीभर कोळसा त्याने आईच्या तंदूरशेजारी चार दिवस वाळवला.
शेगडी तशीच धुमसली,
आईच्या शिव्या तेवढ्या वाढल्या.

धूर मोजायचा कशाने?
नुरझातने माप शोधलं: किती जण डोळे चोळतात.
तिच्या वहीत तारीख, वारा, वेळ
आणि पुढे आकडा. नऊ. दहा. नऊ. अकरा.
अकरा असेल त्या दिवशी
तिचंच अक्षर पाण्यात पडल्यासारखं.

दरम्यान एक वडील घोड्यावरून आले.
खालीही उतरले नाहीत.
'शाळेत धूर मोजतात म्हणे. अपूर्णांक कधी?'
काय सांगणार? अपूर्णांक खरंच राहिले होते.

मग बेकतुरच्या मामाने दोर बांधला, पोरगा छपरावर चढला,
धुराड्यात आरसा धरून पाहिलं.
वरून ओरडला, 'एक पीस आहे, एजे! घरटं नाही!'
मी खाली उभी. तोंडातला घास थंड.

शेवटी बोलला तेमिरलान,
ज्याला अजून जोडाक्षरं वाचता येत नाहीत,
जो मेंढ्या सोडून रोज उशिरा येतो.
'मी आलो की धूर कमी होतो.'
वर्ग खो खो हसला. मीही हसले, खोटं कशाला बोलू?
नुरझात तेवढी हसली नाही. वही उलटत राहिली.
आठ चाळीस. आठ पंचेचाळीस. आठ चाळीस.
दहाचे तीन. नवाचे दोन.
तेमिरलान येतो, आणि दार कधीच नीट लावत नाही.

दार लाव, दार लाव —
दोन वर्षं मी त्याला दुसरं काही शिकवलं असेल तर शपथ.

सगळे दाराकडून खिडक्यांकडे वळले.
सप्टेंबरात मीच बसून
कणकेची खळ शिजवली होती,
जुन्या वर्तमानपत्राच्या पट्ट्या कापून
एकेक फट बुजवली होती.
थंडीला मुंगीएवढीही वाट ठेवली नव्हती.
केवढा अभिमान मला त्या खिडक्यांचा!

आयझिरेकने नखाने पट्टी उचकटली, वीतभर.
मेणबत्ती जवळ धरली.
ज्योत आत वाकली, पाहुणा दारातून वाकून येतो तशी,
आणि मागे शेगडीने
पहिल्यांदाच मोठा श्वास घेतला.

त्या दिवशीचा आकडा: एक.
(ती मी. आणि ते धुराने नव्हतं.)

आता खोलीत धूर नाही, गारठा आहे.
फळ्यावर नवी ओळ, नुरझातच्या अक्षरात:
फटीपाशी कोण बसणार?
पहिला आठवडा माझा.
बेकतुर म्हणतो पाळ्या लावू,
तेमिरलान म्हणतो जमिनीखालून नळी घालू,
बाहेरची हवा थेट शेगडीच्या पोटात.
नळी किती लांब? किती रुंद? वाटेत गोठली तर?
सगळे माझ्याकडे बघतात.

मी गप्प आहे.
यावेळी मला खरंच ठाऊक नाही.